वासोटा शेवटच्या माणसाच्या चालीनं चढा

प्रति,
वासोटा किल्ल्याला एका दिवसाचा ट्रेक काढणारे सर्व ट्रेक ग्रुप, आयोजक आणि ट्रेक लीडर

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची. थंडी सुरू झाली की शनिवारी मध्यरात्रीनंतर पोवई नाक्यावरून तुमच्या गाड्या जाताना दिसतात. यवतेश्वरचा घाट चढायचा, कास मागं टाकायचं आणि उजाडता उजाडता, लाँच जिथून सुटते त्या बामणोलीत उतरायचं, असा तुमचा शिरस्ता आहे. ज्यांनी आयुष्यात कधी डोंगर चढला नाही अशी कितीतरी माणसं तुमच्यामुळे सह्याद्रीत येतात. ऑफिस आणि घर यांच्या बाहेर पडून जावळीच्या रानात एक दिवस काढतात. हे काम चांगलं आहे आणि ते बंद पडावं असं मला अजिबात वाटत नाही. पण गेल्या काही हिवाळ्यांत वासोट्याच्या वाटेवर जे बघायला मिळतंय, ते बघून गप्प राहवत नाही, म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. ट्रेकची चाल सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावरून ठरवा. त्या चालीनं माथा गाठून वेळेत परत येणं होत नसेल तर सगळ्यांनी मिळून मागं फिरा. पुढचे पुढं आणि मागचा एकटा, हे थांबवा.

वासोट्याचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुमच्याबरोबर येणाऱ्यांना मात्र ते कुणी नीट सांगत नाही. इतर गडांवर उशीर झाला तर टॉर्च लावून उतरता येतं, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकता येते. इथं पायथ्याला राहतं गाव नाही. पायथ्याच्या मेट इंदवलीला लाँचमधून उतरलात की पाठीमागं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, आणि समोर कोयना अभयारण्य. गडावर मुक्कामाला परवानगी नाही आणि नसावीच. अंधार पडायच्या आत लाँच परत बामणोलीला लागली पाहिजे.

आता हिशेब मांडा. बामणोलीत नावं लिहायची, ओळखपत्रं दाखवायची, वनखात्याचा परवाना काढायचा, लाँच ठरवायची. सुट्टीचा दिवस असेल तर एवढ्यातच तास जातो. मग लाँचचा तास-सव्वा तास. मेट इंदवलीच्या नाक्यावर पिशव्या उघडायच्या, आतल्या प्लॅस्टिकची मोजदाद करायची, अनामत भरायची. पहाटे पोचलेला ग्रुपसुद्धा दहाच्या आत चढाईला लागला तर नशीब म्हणायचं. सवयीचा माणूस दोन तासांत वर जातो. पहिल्यांदा येणाऱ्याला तीन लागतात, वाटेत चार ठिकाणी टेकला तर जास्तच. वर जेवण आणि गड बघणं धरून एक तास, उतरायला दोन. चार वाजले! लाँचवाले तोपर्यंत काठावर येऊन हाका मारायला लागलेले असतात आणि त्यांचं काही चुकत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि त्या पाण्यावर अंधारात लाँच हाकणं हा खेळ नव्हे.

या सगळ्यात हाताशी मोकळा वेळ किती उरला? अर्धा तास, फार तर पाऊण. कुणाच्या पायात गोळा आला, कुणाला उलटी झाली, कुणाच्या बुटाचा तळ निघाला की तो वेळ संपला. आणि मग सगळा उशीर एकाच माणसाच्या नावावर लिहिला जातो, जो सगळ्यात मागं असतो त्याच्या. परवान्याच्या रांगेत गेलेला तास कुणी मोजत नाही. फोटोसाठी काठावर थांबलेली वीस मिनिटं कुणी मोजत नाही. मागच्या माणसाची पाच मिनिटं मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मित्रमैत्रिणी गड उतरत होतो. नागेश्वरच्या गुहेकडं जाणारा फाटा मागं टाकून खालच्या दाट जंगलात शिरलो, तर वाटेच्या कडेला एका झाडाच्या मुळीवर एक बाई बसलेली. चाळिशीची असेल. एकटी. उजवा बूट काढून ठेवलेला, मोजा टाचेपाशी लाल झालेला, पोटरी दोन्ही हातांनी दाबून धरलेली. शेजारी पाण्याची रिकामी बाटली आणि अर्धवट खाल्लेला चिवड्याचा पुडा. वर झाडात वानरं खाकरत होती आणि प्रत्येक आवाजाला ती दचकून मागं बघत होती. विचारलं तर म्हणाली, आमचा ग्रुप वर गेलाय, लीडरनं सांगितलंय इथंच बस, उतरताना घेऊन जातो. किती वेळ झाला? तिला सांगता येईना. फोनला रेंज नव्हती आणि बॅटरी फोटो काढण्यातच संपली होती.

आमच्यातल्या एकीनं तिचा पाय सरळ करून पंजा हळूहळू नडगीकडं ओढला, तसा गोळा सुटायला लागला. मीठ-साखरेचं पाणी दिलं. टाचेवर पट्टी बांधली. पंधरा-वीस मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. पण त्या सगळ्या वेळात ती एकच वाक्य परत परत म्हणत होती: सॉरी हं, माझ्यामुळे तुमचा खोळंबा. आम्ही कोण, कुठले, तिच्या ग्रुपचेसुद्धा नाही, आणि ती आमची माफी मागत होती. सकाळपासून तिला किती वेळा "चला, चला" ऐकावं लागलं असेल ते त्यावरूनच कळलं. गवे, अस्वलं आणि बिबटे असलेल्या जंगलात एका माणसाला एकटं सोडून बाकीचे वर निघून गेले होते, आणि अपराधी तिला वाटत होतं.

आमच्यातले दोघं तिच्यापाशी थांबले. बऱ्याच वेळानं तिचा ग्रुप उतरला. लीडर विशीतला पोरगा होता, घामाघूम झालेला, आवाज बसलेला. त्याचा पहिला प्रश्न होता, "चालता येईल ना? लाँच सुटेल." मला त्याचा राग आला होता हे लपवत नाही. पण नीट बघितल्यावर राग त्याच्यावरून निघून गेला. चाळीसच्या आसपास माणसं आणि त्यांच्यामागं हा आणि अजून एक मुलगा, तोही सगळ्यात पुढं. मागं कुणीच नेमलेलं नाही. एवढी माणसं एवढ्या रानात दोन पोरांच्या भरवशावर पाठवणाऱ्यानं त्या बाईला सोडलं होतं, तसं त्या पोरालाही सोडलंच होतं.

म्हणून सांगते, सर्वात हळू चालणाऱ्याला रांगेत पुढं घ्या. आमच्या टोळीत वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे. आमच्या एका मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तो लीडरच्या पाठोपाठ दुसरा असतो. त्याच्या पावलानं सगळे चालतात. ज्यांच्या पायात जोर आहे ते मागं असतात, आणि त्यांना पुढं जाण्याची खुमखुमी आलीच तर त्यांच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या वाढतात. यामुळे वेळ जास्त लागतो असं तुम्हाला वाटेल. तसं होत नाही. पळत जाऊन दहा मिनिटं धापा टाकत बसण्यापेक्षा एका लयीत न थांबता चाललेला माणूस लवकर पोचतो. दरवेळी पुढचे थांबून मागच्यांची वाट बघतात, मागचा पोचला की पुढचे उठून चालू लागतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याला ती मिळतच नाही. पाय भरून येतात ते यानंच.

दुसरी गोष्ट मागं फिरायच्या वेळेची. जंगल सुरू होताना ओढ्यापाशी मारुती-गणपतीची देवळं लागतात, तिथं आम्ही घड्याळ बघतो आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं ठरवतो: दीड वाजता जिथं असू तिथून उलटं फिरायचं. एकदा जंगल संपून कारवीचं रान लागलं होतं, माथा डोळ्यांसमोर होता आणि दीड वाजला. आमच्यात एकाला सकाळपासून पोटाचा त्रास होता, त्यामुळे चाल मंदावली होती. आम्ही फिरलो. थोडं खाली येऊन सावलीत फडकी सोडली, भाकरी, ठेचा आणि घट्ट झुणका खाल्ला, जंगलातला शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना बघितला आणि सावकाश उतरलो. ज्याचं पोट दुखत होतं तो लाँचमध्ये गाणी म्हणत होता. त्या दिवशी गड झाला नाही, ट्रेक मात्र आमच्यातल्या प्रत्येकाला अजून आठवतो.

तुमच्या पोस्टरवर "ईझी टू मॉडरेट, बिगिनर्स वेलकम" असं छापलेलं मी वाचते. वासोट्याचा चढ पाण्यापासून माथ्यापर्यंत दीड हजार फुटांच्या वरचा आहे. त्यात फार मोठी अवघड जागा नाही, दोर लागत नाही, हे खरं. पण बराचसा चढ अंगावर येणारा आहे, जंगलात वारा लागत नाही, आणि चढताना खालून वरचा अंदाज येत नाही. कुठवर आलो आणि किती उरलं हे नव्या माणसाला कळतच नाही, आणि डोक्यानं हार मानली की पाय आपोआप जड होतात. ज्यानं यापूर्वी पायऱ्या सोडून काही चढलेलं नाही त्याला हा दिवस कठीण जाणारच. त्याला ते आधी सांगा. पुण्यातल्यांना सांगा, आतकरवाडीतून सिंहगड दीड तासात जमतो का ते आधी बघ. साताऱ्याच्या आसपासच्यांना सांगा, महिनाभर अजिंक्यतारा कर, एखाद्या रविवारी जरंडेश्वर चढून उतर. ज्यांना जमेल ते येतील, ज्यांना नाही ते पुढच्या महिन्यात येतील. वासोटा कुठं पळून जात नाही.

चढाईपेक्षा उताराबद्दल जास्त बोला. नवखा माणूस वर पोचला की त्याला वाटतं संपलं. खरं तर तेव्हा निम्मंच झालेलं असतं, आणि अवघड निम्मं उरलेलं असतं. चढताना दम जातो, उतरताना गुडघे जातात. उताराला प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार मांडीच्या स्नायूंनी ताणलेल्या अवस्थेत पेलायचा असतो. ते स्नायू चढून आधीच थकलेले असतात. मग पाय लटपटायला लागतात, टाच नेमकी टेकत नाही. त्यात डिसेंबर-जानेवारीत वाटेवर पाचोळ्याचा थर असतो आणि खाली मुळ्यांचं जाळं. पाचोळ्यावर पाय घसरतो, मुळीत अडकतो, घोटा मुरगळतो. घाईत उतरणाऱ्या ग्रुपमध्ये हे हमखास होतं आणि त्यातही मागून धावत येणाऱ्याला आधी होतं, कारण पुढचे त्याला बोलावत असतात.

आणि झोपेचं काय? रात्री अकराला पुणं सोडायचं, मुंबईकरांनी तर त्याच्याही आधी, गाडीत अंताक्षरी, घाटात वळणावळणाला पोट ढवळतंय, पहाटे बामणोलीत चहा आणि लगेच चढाई. रात्रभर न झोपलेल्या माणसाचं पाऊल चुकतं, भूक-तहान कळत नाही, निर्णय घेता येत नाही. तुमच्या लीडरचीसुद्धा तीच गत असते. परत जाताना तोच ड्रायव्हर, तोच यवतेश्वर घाट. हा रात्रीचा प्रवास बंद करा. शनिवारी दुपारी निघा, बामणोलीला नाहीतर तापोळ्याला मुक्काम करा. तंबू आहेत, घरगुती सोय आहे, गरम जेवण मिळतं. सकाळी ताजी माणसं रांगेत पहिली उभी राहतील आणि वर सांगितलेल्या हिशेबात तुम्हाला हक्काचा एक तास मिळेल. फी थोडी वाढेल, वाढू द्या.

त्या मुक्कामाचा पैसा कुणाकडं जातो तेही बघा. 1960 च्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. कुणी ठाणे-रायगडकडं गेलं, कुणी सोलापूर-सांगलीकडं. पुनर्वसनाचे प्रश्न अजून पुरते मिटलेले नाहीत. तुम्ही लाँचमधून ज्या निळ्या पाण्याचे फोटो काढता त्याखाली लोकांची भातखाचरं आहेत, देवळं आहेत. 1985 साली अभयारण्य झालं, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, जंगलाला ते हवंच होतं, पण काठावर उरलेल्यांच्या हातात लाँच आणि पाहुणे एवढंच राहिलं. बामणोलीतला एखादा म्हातारा तुम्हाला पाण्याकडं बोट दाखवून सांगेल, तिथं आमचं घर होतं. त्याच्या नातवाला वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. त्याला कुठल्या ओढ्याचं पाणी कधी आटतं ते ठाऊक असतं, मधमाश्यांची पोळी कुठं आहेत ते ठाऊक असतं, आणि लाँचवाल्याशी तो त्याच्या भाषेत बोलू शकतो. ग्रुपच्या शेवटी चालायला त्याच्यासारखा माणूस नाही.

आता तुमच्या अडचणींबद्दल. मला त्या माहीत आहेत, कारण तुमच्यापैकी काहींशी बोलले आहे. पहिली अडचण, मागं फिरलो की लोक पैसे परत मागतात आणि खाली येऊन वाईट शेरे लिहितात. मग नोंदणी करतानाच लिहून घ्या की वेळ झाली तर ट्रेक अर्ध्यातून फिरेल आणि पैसे परत मिळणार नाहीत. ज्याला हे मान्य नाही त्यानं येऊ नये. तुम्ही आधी "गड शंभर टक्के" असं सांगता म्हणून नंतर लोक भांडतात.

दुसरी अडचण, ग्रुप मोठा नसेल तर परवडत नाही. यावर माझी एक सूचना आहे, आणि ती या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका लाँचमध्ये दहा-बारा माणसं बसतात. तेवढाच एक ग्रुप धरा. एक लाँच, दोन लीडर, एक पुढं आणि एक मागं. दुसरी लाँच असेल तर तिचे वेगळे दोन लीडर, वेगळी चाल, वेगळी परतीची वेळ. म्हणजे पहिल्या लाँचमधल्या लोकांना दुसरीच्या मागच्या माणसासाठी ताटकळावं लागणार नाही, आणि त्या मागच्या माणसाला कुणी सोडूनही जाणार नाही. बारा माणसांत कोण गप्प झालंय, कुणाचं पाणी संपलंय, कोण लंगडतंय हे दिसतं. चाळीसात दिसत नाही, कितीही चांगला लीडर असला तरी.

महाराष्ट्र शासनाचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे. त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आणि सुरक्षेच्या अटी पाळायच्या असं ठरलेलं आहे. तुमच्यापैकी ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांनी ते पोस्टरवर अभिमानानं छापावं. ज्यांनी केलेली नाही त्यांनी ती करावी, आणि तोपर्यंत माणसं आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. "आम्ही व्यवसाय करत नाही, मित्रमित्र जातो" हे चाळीस जणांकडून फी घेणाऱ्यानं म्हणू नये. मित्र मित्राला मुळीवर बसवून जात नाहीत.

अपघात झाला तर काय होतं तेही तुमच्या लोकांना कळू द्या. साताऱ्यात, महाबळेश्वरात डोंगरातून माणसं काढणारी पोरं आहेत. महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांनी कड्यांवरून, दऱ्यांतून कित्येकांना वर आणलंय, तेही स्वतःची कामधंद्याची वेळ मोडून. पण ती पोरं वासोट्यापर्यंत पोचणार कशी? आधी रस्ता, मग लाँच, मग चढ. आणि जखमीला घेऊन तेच सगळं उलटं. नुसती लाँच आणि बामणोली ते सातारा रस्ता धरला तरी अडीच तासांची निश्चिती, गडावरून झोळीत खाली आणायचा वेळ वेगळा. दिवस मावळला तर सगळंच अवघड. बारा वाजता मुरगळलेला पाय आणि साडेचार वाजता मुरगळलेला पाय यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नागेश्वरचं सांगायचं राहिलं. "वासोटा-नागेश्वर एकाच दिवसात" अशा जाहिराती बघून मला काळजी वाटते. नागेश्वरची गुहा सुंदर आहे, पिंडीवर वरून पाणी ठिबकत असतं, महाशिवरात्रीला कोकणातून चोरवण्याच्या बाजूनं माणसं चढून दर्शनाला येतात. पण फाट्यापासून नागेश्वर आणि परत हे दोन-तीन तासांचं काम आहे. दोन्ही करायचं ठरवलंत की हळू चालणाऱ्याला जागाच उरत नाही. सराईत चार-पाच मित्र असतील तर करा, नव्या लोकांना घेऊन नको. एक दिवस, एक जागा.

माथ्यावर गेल्यावर लोकांना बघायला वेळ द्या. बाबू कड्याच्या टोकावर पन्नास जण सेल्फीसाठी दाटी करतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. काठाची माती भुसभुशीत आहे, गवत वाळलेलं, एखाद्याचा धक्का पुरे. माणसांना काठापासून लांब बसवा आणि समोरचा जुना वासोटा दाखवा. 1818 साली इंग्रजांनी त्या समोरच्या डोंगरावर तोफा चढवून इकडं मारा केला तेव्हा हा गड पडला. त्याच्या दहाएक वर्षं आधी गड लढवणाऱ्या ताई तेलिणीनं इथंच पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेला महिनोन्महिने दाद दिली नव्हती. मारुतीचं बिनछपराचं देऊळ, पाण्याचं टाकं, चुन्याचा घाणा, पश्चिमेला खाली कोकण. हे बघायला तास पुरतो, पण धापा टाकत पोचून दहा मिनिटांत "चला, चला" म्हटलं तर त्यातलं काहीच दिसत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. हे जंगल 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्पीकर नको, घोषणा जंगलात नकोत, डिओ मारून येऊ नका. त्यानं आग्या मोहोळ उठलं तर पळायला वाट एकच आहे आणि त्या वाटेवर सगळ्यात मागं पुन्हा तोच असेल ज्याला पळता येत नाही.

सीझन पुन्हा येतोय. पावसाळ्यात बंद असलेली वाट उघडली की तुमची पोस्टर फिरायला लागतील. त्यावर एवढी दोन वाक्यं छापा: "ट्रेकची चाल सर्वात हळू चालणाऱ्याची असेल" आणि "दीड वाजता जिथं असू तिथून परत फिरू." जे ग्रुप ही छापतील आणि पाळतील, त्यांच्या मदतीला साताऱ्यातले आम्ही काही जण रविवारी यायला तयार आहोत. आम्हाला मानधन नको, फीमध्ये वाटा नको. लाँचचं आणि परवान्याचं आमचं आम्ही भरू, भाकरी आमची आम्ही आणू. तुमच्या शेवटच्या माणसाबरोबर चालायला कुणी कमी पडत असेल तर आदल्या गुरुवारपर्यंत कळवा.

कळावे,
आपली,
साताऱ्यातली एक डोंगरकरीण